तिघे, दोन रात्री, गाणं एकही नाही : 'द क्रिएशन ऑफ द युनिव्हर्स'

खर्जातला (धागाकर्ता)

मंडळी, इथे संगीत विभागात ख्याल, नाट्यसंगीत, पंचमदा यांच्यावर धाग्यांची कमी नाही. आज जरा आडवाटेला जाऊ. अल्बम आहे लू रीडच्या 'मेटल मशीन ट्रिओ'चा, नाव 'द क्रिएशन ऑफ द युनिव्हर्स'. दोन सीडी, प्रत्येकीवर एकच सलग तुकडा, तासाभराच्या आसपास. एकीचं नाव 'नाईट वन', दुसरीचं 'नाईट टू'. गाणं नाही, शब्द नाहीत, आधी बसवलेलं काही नाही.

२००८ सालच्या २ आणि ३ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसच्या रेडकॅट थिएटरात हे वाजलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी बाहेर आलं. रेडकॅट म्हणजे वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलच्या इमारतीतलंच एक छोटं थिएटर, त्याच्या पूर्ण नावातही रॉय आणि एडना डिस्ने आहेत. मिकी माऊसच्या घरी जाऊन असला धुमाकूळ घातला याची मला अजून गंमत वाटते.

तिघांपैकी लू रीडला बहुतेकजण ओळखत असाल. 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या अमेरिकन रॉक बँडवाला, तेव्हा ६६ वर्षांचा. त्याच्याकडे गिटार आणि इलेक्ट्रॉनिक्स. दुसरा उलरिश क्रीगर, जर्मन सॅक्सोफोनवाला, टेनर सॅक्स आणि त्याला जोडलेली बरीच यंत्रं. तिसरा सार्थ काल्हून (नाव आपल्या सार्थ-अनर्थमधलं वाटतं, पण माणूस अमेरिकन). हा बाकीच्या दोघांचा आवाज तिथल्या तिथे उचलतो, मोडतो, ताणतो आणि परत स्टेजवर सोडतो. शिवाय कंटिन्युअम नावाचं एक पट्टीवजा वाद्य वाजवतो.

आता मागची गोष्ट थोडक्यात. १९७४ मध्ये रीडचा 'सॅली कान्ट डान्स' अमेरिकेत पहिल्या दहात पोचला. आरसीए ही त्याची रेकॉर्ड कंपनी खूश. १९७५ मध्ये त्याने त्यांच्या हातात 'मेटल मशीन म्युझिक' ठेवला. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूवर छापलेली वेळ १६ मिनिटं १ सेकंद आणि आत अथपासून इतिपर्यंत गिटारचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज परत गिटारीत शिरून होणारा कल्लोळ. चौथ्या बाजूच्या शेवटी खाच अशी कापली होती की सुई तिथेच गोल फिरत राहील. उठून बंद केल्याशिवाय रेकॉर्ड संपणारच नाही. लोकांनी रेकॉर्डी परत केल्या आणि काही आठवड्यांतच कंपनीने माल उचलला. लेस्टर बँग्ससारखा एखादा समीक्षक सोडला तर सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं.

२००८ च्या अल्बमविषयी जिथे जिथे वाचलं तिथे 'त्याच जुन्या वेडेपणाचा दुसरा भाग' एवढंच म्हणून विषय संपवलेला दिसतो. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. १९७५ ची रेकॉर्ड म्हणजे एक माणूस, दोन गिटारी आणि टेपरेकॉर्डर. तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही, ऐकायला दुसरं कुणी नाहीच. गिटारी अ‍ॅम्प्लिफायरसमोर टेकवल्या आणि त्या आपापल्या ओरडत राहिल्या. रेडकॅटमध्ये मात्र तीन माणसं आहेत आणि तिघांचा निम्मा वेळ ऐकण्यात जातो. सॅक्सचा एक लांब स्वर येतो, त्याच्या कडेकडेने गिटार वर चढते आणि जरा वेळाने तोच सॅक्स चिरफाड होऊन तिसऱ्याच कोपऱ्यातून परत येतो. कुणीतरी मागे सरकतं, जागा करून देतं. हे नुसत्या यंत्रांनी होत नाही. या अल्बमला त्याच्या थोरल्या भावाच्या नावावर मोजणं सोडून द्यावं, एवढंच सांगायला धागा काढला.

माझ्या मते दुसरी रात्र सरस. पहिल्या रात्री तिघे थोडे जपून वाजवताहेत असं वाटतं, दुसऱ्या रात्री जास्त मोकळे झालेत. कुणी ऐकलंय का? ऐकलं नसेल तर ऐकून शिव्या घाला, पण ऐकून.

उगाच_एक

पहिला नंबर!

ऐकलं. आमच्या सोसायटीत मे महिन्यात रात्री दोनला बोअरवेलची गाडी लागली होती. तेव्हा आम्ही सगळ्यांनी वॉचमनला झापलं. आता कळलं की तो लाइव्ह कार्यक्रम होता, तिकीट काढायला हवं होतं.

खर्जातला

उगाच_एक, किती मिनिटं ऐकलं ते खरं सांगा.

उगाच_एक

सहा. त्यात दोन मिनिटं फोनचा आवाज कमी करण्यात गेली.

पेटीवाला

धागा आवडला, विषय डोक्यावरून गेला. मी साथीला बसणारा माणूस, त्यामुळे माझा प्रश्न साधा आहे. उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं गाणं-वाजवणं, काय ते आम्हाला कळतं. पण आमच्याकडे आधी राग आहे, ताल आहे, बंदिश आहे. गायक कितीही हवेत गेला तरी समेवर येणार हे मला माहीत असतं, म्हणून तर मी त्याच्या मागे जाऊ शकतो. इथे यांच्या हातात काय असतं? सगळंच उपज असेल तर चुकलं कुणाचं हे ठरवायचं कसं? आणि चूक होऊच शकत नसेल तर त्यात मजा ती काय?

खर्जातला

पेटीवाले, प्रश्न एकदम वर्मावर.

चौकट नाही असं नाही, ती फक्त स्वरांची नाही. कार्यक्रम साधारण तासाचा हे ठरलेलं असतं, कोण काय वाजवणार ते ठरलेलं असतं, गाणं म्हणायचं नाही हेही. त्यापलीकडे जे असतं ते घनतेचं भान. आत्ता आवाज किती दाट झालाय, यात मी शिरलो तर उठाव येईल की गिचका होईल? माझ्या लेखी चूक तिथे होते. गरज नसताना वाजवत राहणं ही चूक, आणि दुसऱ्याने काही सुरू केलेलं न ऐकता त्यावर पाय देऊन जाणं ही त्याहून मोठी. पहिल्या रात्री मला अशा जागा सापडतात. तिघेही भरलेले, कुणी उसंत घेत नाही आणि सगळ्याचा मिळून एकच चिखल. मग कुणीतरी थांबतं आणि पुन्हा वाट दिसते.

तुमच्याकडेही सम चुकणं ही ढोबळ चूक झाली. गायक आलापीत रमलेला असताना पेटीवाल्याने सारखं मागे मागे बोलत राहणं, ही चूक कुठल्या पुस्तकात लिहिली आहे? पण मैफलीत प्रत्येकाला कळते.

पेटीवाला

शेवटचं वाक्य आमच्या काही मित्रांना छापून द्यायला हवं. ऐकतो.

बेसूर

असले धागे आले की मला हसू येतं. लू रीडचं नाव काढून टाका आणि हीच सीडी भोसरीच्या एखाद्या मुलाने गॅरेजमध्ये रेकॉर्ड केली असं समजा. ऐकला असतात का दोन तास? धागा काढला असतात? त्या १९७५ च्या रेकॉर्डबद्दल तर खुद्द रीडच कधी म्हणायचा गंभीर काम आहे, कधी थट्टेवारी न्यायचा. कंपनीशी करार संपवायला केलेला खोडसाळपणा अशी कुजबुज होतीच. त्याने स्वतः तो खोडसाळपणा मिरवला, तुम्ही भक्त मंडळी त्याची पोथी करताय. राजा नागडा आहे हे सांगायला लहान मूलच लागतं असं नाही, मी पन्नाशीचा आहे.

खर्जातला

बेसूर, भोसरीच्या मुलाची सीडी माझ्यापर्यंत पोचलीच नसती हे शंभर टक्के खरं. पण ते सगळ्याच कलांना लागू आहे, आणि त्याने रीडची सीडी वाईट ठरत नाही, त्या मुलाचं नशीब वाईट ठरतं.

करार संपवण्यासाठीची रेकॉर्ड ही गोष्ट रीडने अनेकदा नाकारली होती. आणि समजा ती थट्टा होती, तर २००२ मध्ये जे झालं त्याचं काय करायचं? ट्रिओमधल्याच क्रीगरच्या डोक्यात आलं की हा फीडबॅक स्वरलिपीत उतरवायचा आणि साध्या वाद्यांवर वाजवायचा. रीडला आधी ते अशक्य वाटलं होतं. क्रीगरने काही मिनिटांचा भाग करून ऐकवला, मग होकार आला. 'त्साइटक्राट्सर' नावाच्या बर्लिनच्या चमूने व्हायोलिन, चेलो, अ‍ॅकॉर्डियन, सॅक्स अशा वाद्यांवर ते वाजवलं आणि बर्लिनच्या कार्यक्रमात स्वतः रीड गिटार घेऊन त्यांच्यात बसला. २००७ मध्ये ते सीडी आणि डीव्हीडीवर आलं. नुसता गोंगाट असता तर लिहून काढायला त्यात काही सापडलं नसतं. वरवर एकसुरी वाटणाऱ्या त्या घोंघाटाच्या आत शेकडो छोट्या छोट्या धुना धावत असतात, त्या क्रीगरने कान लावून वेचल्या. त्या कामातूनच रीड आणि क्रीगर जवळ आले. हा ट्रिओ आकाशातून पडलेला नाही.

बेसूर

लिहून काय, बोअरवेलही लिहून काढता येते. पण डीव्हीडीचं माहीत नव्हतं. बघतो, मग बोलतो.

सर्किट_बोर्ड

थोडी तांत्रिक भर. फीडबॅक म्हणजे नुसतं 'कुंईं' नव्हे. इलेक्ट्रिक गिटारची तार हलली की तिच्याखालच्या पिकअपच्या चुंबकी क्षेत्रात बदल होतो, त्यातून सिग्नल तयार होतो, अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो, स्पीकर हवा ढकलतो आणि ती हवा पुन्हा तारेला हलवते. फेरी पूर्ण. एका फेरीत जितकं गमावलं त्याहून जास्त मिळालं आणि लाटा एकमेकींशी जुळून आल्या की तार आपोआप वाजत राहते, छेडायची गरजच नाही.

गंमत पुढे आहे. कुठला स्वर टिकणार हे अंतरावर अवलंबून असतं. ४४० हर्ट्झच्या स्वराची हवेतली लांबी जवळपास ७८ सेंटिमीटर. म्हणजे गिटारवाला पावणेदोन वीत पुढे-मागे झाला की जी लाट मदत करत होती तीच आडवी येते. तो स्वर मरतो आणि तारेतला वरचा कुठलातरी दुसरा स्वर उचल खातो. कधी बरोबर सप्तकभर वर, कधी पंचमावर. स्पीकरकडे थोडं वळलं, तारेवर तळवा अलगद टेकवला, टोनचं बटण जरा फिरवलं, प्रत्येकाने निकाल बदलतो. त्यामुळे 'गिटार टेकवून ठेवली की झालं' हे १९७५ ला थोडंफार लागू असेल, पण समोर उभं राहून हवा तो फीडबॅक हवा तेव्हा काढणं हे हाताचं कसब आहे. स्वतः करून बघा. शेजाऱ्यांना आधी सांगून.

पेटीवाला

म्हणजे तारेतल्या सहायक स्वरांपैकी कुठला वर आणायचा ते उभं राहण्याच्या जागेवरून ठरवायचं! हे मला समजेल अशा भाषेत सांगितल्याबद्दल आभार. तानपुऱ्यात ते काम जवारी करते. घोडीवर दोरा केसभर सरकवला की गांधार बोलायला लागतो.

मिरजमळा

जवारीचा विषय निघाला आणि मिरजकर गप्प बसला असं व्हायचं नाही. :)

आमच्या गल्लीत तानपुरे होतात. दोरा सरकवण्याआधीचं काम लोकांना दिसत नाही. घोडीचा माथा कानसने घासायचा, तार लावून ऐकायचं, परत काढून घासायचं. तार घोडीवरून अगदी निसटती, अंगाला लागून जायला हवी. जास्त टेकली तर आवाज दबतो, कमी टेकली तर कोरडा टणटण येतो. बोटाला कळत नाही इतका तो उतार असतो, कानालाच कळतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं हे जाता जाता.

आता मुद्दा. हा लू रीड आपल्याला वाटतो तितका परका नाही. 'मेटल मशीन म्युझिक'च्या कव्हरवर जी तांत्रिक माहिती छापली आहे तिच्यात ला मॉन्ट यंग या अमेरिकन संगीतकाराच्या 'ड्रीम म्युझिक'चा आणि ड्रोनचा (तानपुऱ्यासारखा अखंड चालणारा सूर) उल्लेख आहे. हा ला मॉन्ट यंग म्हणजे पंडित प्राणनाथांचा गंडाबंध शिष्य. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांचे चेले. म्हणजे मिरज, किराणा, प्राणनाथ, यंग, लू रीड. जोडा साखळी!

उगाच_एक

आणि अशा रीतीने जगातलं सर्व संगीत मिरजेत सुरू झालं, हे सिद्ध झालं. (हलके घ्या.)

कोमल_रिषभ

मिरजमळा, साखळी छान आहे, पण मधली एक कडी उलटी बसली आहे.

रीडपर्यंत यंगचा ड्रोन पोचला तो जॉन केलमार्फत. केल १९६४-६५ मध्ये यंगच्या गटात व्हायोला वाजवत होता, तासन् तास एकच स्वर धरून. टोनी कॉन्रॅड व्हायोलिनवर, मेरियन झझीला गळ्याने. तिथून केल व्हेल्व्हेट अंडरग्राउंडमध्ये गेला आणि १९६७ च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर त्याचा व्हायोला ऐकला की कुठून आलाय ते लगेच कळतं. प्राणनाथजी न्यूयॉर्कला गेले १९७० मध्ये, यंग आणि झझीला त्यांचे शिष्य झाले ते तेव्हा. केलने बँड सोडून तोवर दोन वर्षं झाली होती. त्यामुळे किराण्याचा ड्रोन व्हेल्व्हेटमध्ये उतरला असं म्हणता येत नाही. तो आधीच तिथे होता.

मिरजेचं नातं मात्र आहे, वेगळ्या बाजूने. हिराबाई बडोदेकर मिरजेच्याच जन्माच्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या, आणि त्यांची तालीम झाली वहीद खाँसाहेबांकडे. सुरेशबाबू मान्यांचीही. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये ज्यांच्यासमोर यंग आणि टेरी रायली हा दुसरा अमेरिकन संगीतकार तानपुरे घेऊन बसत होते ते प्राणनाथजी आपल्या हिराबाईंचे गुरुबंधू. पुण्यात हे फारसं कुणी बोलत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं.

मिरजमळा

ताई, सन-सनावळीपुढे हात जोडले, पण शरणागती नाही. यंगने १९५७ मध्ये अली अकबर खाँसाहेबांची ती अमेरिकेत निघालेली रेकॉर्ड ऐकली होती, व्हायोलिनवाल्या मेन्युहिनची प्रस्तावना असलेली. तानपुऱ्यावर शिरीष गोर. त्यातल्या तानपुऱ्याने आपण भारावलो असं यंगने सांगितलेलं आहे. मग प्राणनाथांच्या आधीही तानपुरा होताच की!

कोमल_रिषभ

तानपुरा होता, हे मान्य. मिरजेचा होता का ते शिरीष गोर यांनाच ठाऊक. :)

पण साखळीपेक्षा मला यातला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. तानपुरा हा आधार आहे, त्याच्यावर कुणीतरी गाणार असतं. तो न ऐकू येता ऐकू यावा अशी अपेक्षा. या तिघांनी आधारच पुढे आणून ठेवलाय आणि गायक येतच नाही. किराण्याच्या कानाने ऐकायला बसलं की पहिली वीस मिनिटं मन षड्ज शोधत राहतं आणि आता आलापी सुरू होईल म्हणून थांबून राहतं. ती वाट बघणं सोडलं तेव्हा कुठे मला ऐकू यायला लागलं. आणि दुसऱ्या रात्रीचं म्हणाल तर धागाकर्त्यांशी असहमत. मला पहिली रात्र जास्त आवडली. चाचपडणं ऐकू येतं तिच्यात, तिघे एकमेकांना जोखताहेत ते. दुसऱ्या रात्री काय चालतं हे त्यांना कळलेलं आहे आणि थोडा आत्मविश्वास नडतो.

खर्जातला

कोमलताई, आत्मविश्वास नडतो हे रीडच्या अख्ख्या कारकिर्दीला लागू पडेल. बाकी 'गायक येतच नाही' याला +१००.

सर्किट_बोर्ड

अवांतर : यंगच्या त्या गटाने आपला षड्ज कुठून घेतला होता माहीत आहे का? पाळलेल्या कासवाच्या पाण्याच्या टाकीची मोटार. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे मोटारीची गुणगुण त्याच हिशेबाने येणार, तिच्याशी सगळे सूर जुळवलेले. ट्रान्सफॉर्मर, फ्रिज, ट्यूबलाइट सगळं शहर त्याच सुरात गुणगुणतं असा त्यामागे विचार. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, म्हणजे अमेरिकेच्या मानाने आपला फ्रिज सुमारे तीन अर्धस्वर खाली बोलतो. पांढरी पाच वगैरे म्हणतात त्याच्या आसपास, फक्त काही सप्तकं खाली.

पेटीवाला

लाइट गेले की साथ बंद, हे आमच्या गावाला परवडायचं नाही.

ढगातून_खाली

मी या ट्रिओला प्रत्यक्ष ऐकलंय, २०१० च्या एप्रिलमध्ये, लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये. कंपनीच्या कामाला गेलो होतो आणि आइसलँडच्या त्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमानं बंद पडली. हॉटेलात बसून करायचं काय, म्हणून तिकीट काढलं. लू रीड म्हणजे 'परफेक्ट डे' या गाण्यावाला एवढंच माहीत होतं.

सांगतो, सीडीवर यातलं अर्धंच येतं. सीडीवर आवाज समोरून येतो, तिथे तो खालून आला. खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या बोटांना आधी कळायचं, कानाला नंतर. खिशात रुमाल होता, त्याचे बोळे करून कानात घातले. आणि मजा अशी की त्यानंतर जास्त ऐकू यायला लागलं. वरची धार गेली आणि आत काय काय हलतंय ते वेगळं दिसायला लागलं. माझ्या रांगेतले दोघे अर्ध्यातून उठून गेले, जाताना माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून. रीड बराच वेळ मान खाली घालून आपल्या यंत्रांतच होता. मला बघायला आवडला तो काल्हून. ते कंटिन्युअम म्हणजे एक लांबट मऊ पट्टी असते, पेटीसारख्या पट्ट्या किंवा पडदे काही नाहीत. बोट आडवं सरकवलं की स्वर सरकतो, दाबलं की मोठा होतो आणि उभं पुढे-मागे नेलं की आवाजाची जात बदलते.

पेटीवाला

पडदे नाहीत, बोट सरकवलं की स्वर सरकतो? म्हणजे अखंड मींड! आयुष्यभर पेटीला 'मींड येत नाही' म्हणून बोलणी खाल्ली आहेत. हे कोण बनवतं, आणि पेटीची जागा घेईल का?

सर्किट_बोर्ड

लिपोल्ड हाकेन, इलिनॉय विद्यापीठातले. किंमत बघाल तर पेटीवरच प्रेम जडेल.

शेंगोळे

वाचनखूण साठवली. मी अजून ऐकलेलं नाही. मला कुणी सांगेल का, थेट यावरच उडी मारायची की आधी काही सोपं आहे? आणि हेडफोनवर ऐकू की स्पीकरवर? घरात सासूबाई असतात.

खर्जातला

शेंगोळे, थेट उडी नको. रीडचाच २००७ चा 'हडसन रिव्हर विंड मेडिटेशन्स' आधी ऐका. तो ताई चीचा पक्का साधक होता, व्यायामासाठी आणि ध्यानासाठी स्वतःपुरते आवाज बनवायचा, तेच पुढे प्रसिद्ध केले. एकदम शांत, सासूबाईंना पंखा चालू आहे असं वाटेल. त्याच माणसाने पुढच्याच वर्षी रेडकॅटमध्ये हे वाजवलं, हे लक्षात ठेवून मग इकडे या. दोन्हींत हळूहळू बदलणारा ड्रोन तोच आहे, फक्त आकारमान वेगळं.

स्पीकरवरच ऐका, आणि आवाज मध्यम ठेवा. मोठ्याने ऐकलं तरच कळतं ही समजूत डोक्यातून काढा. हेडफोनवर तर आवाज वाढवूच नका, कान पुन्हा मिळत नाहीत. 'मेटल मशीन म्युझिक' शेवटी ठेवा, किंवा नका ऐकू. मी वर्षातून एखाद वेळी लावतो आणि एका बाजूनंतर उठतो.

ढगातून_खाली

सुधारित सल्ला : सासूबाई देवळात गेल्यावर.

नाही_पटत

सगळे प्रतिसाद वाचले. माझी हरकत बेसूर यांच्यापेक्षा वेगळी आहे. संगीत आहे की नाही हा वाद मला कंटाळवाणा वाटतो. मला खटकते ती यांची श्रोत्यांशी वागणूक. २०१० मध्येच मॉन्ट्रियलच्या जॅझ महोत्सवात रीड, लॉरी अँडरसन आणि सॅक्सवाला जॉन झॉर्न असं दुसरं त्रिकूट होतं, तेही असंच आयत्या वेळी सुचेल ते. लोक आले होते रीडची गाणी ऐकायला. लोकांनी आरडाओरडा केल्यावर झॉर्नने त्यांनाच स्टेजवरून चालते व्हा म्हणून सुनावलं. पैसे देऊन आलेल्या माणसाला काय वाढणार ते आधी सांगायला नको? आपल्याकडे एखाद्या बुवांनी अभंगवाणीची जाहिरात करून दोन तास नुसता तानपुरा छेडला असता तर लोकांनी काय केलं असतं?

कोमल_रिषभ

पुण्यात? दुसऱ्या दिवशी वाचकांच्या पत्रव्यवहारात बुवांना बघून घेतलं असतं.

पण तुमचा मुद्दा रास्त आहे. त्या त्रिकुटाचा 'द स्टोन : इश्यू थ्री' हा २००८ चा अल्बम मी ऐकलाय, न्यूयॉर्कच्या द स्टोन या छोट्या जागेत जानेवारीत वाजवलेला. तिथे कोण काय ऐकायला आलंय हे दोन्ही बाजूंना पक्कं माहीत होतं, म्हणून तिथे तो फुलला. महोत्सवाच्या मोठ्या सभागृहात तेच नेलं की अर्धे लोक फसवले गेल्यासारखे होतात. सुनावणं झॉर्नला शोभलं नाही. मेटल मशीन ट्रिओच्या बाबतीत निदान नावातच धोक्याचा इशारा होता.

बेसूर

डीव्हीडी बघितली. बर्लिनची.

मत बदललेलं नाही. पण त्या व्हायोलिनवाल्यांच्या हाताचे हाल बघवत नव्हते. तासभर गजाने इतकं घासायचं म्हणजे चेष्टा नाही. एवढी मेहनत करून इतकं कर्कश वाजवायला जिगर लागते हे लिहून देतो. शेवटी रीड येतो तेव्हा मात्र त्या बाकीच्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मला आवडलं. आता रेडकॅटवाली पहिली रात्र लावणार आहे, बायको माहेरी गेली की.

मिरजमळा

हळूहळू सगळ्यांची घरं रिकामी होण्याची वाट बघणं चालू आहे असं दिसतंय.

पेटीवाला

ऐकलं. दुसरी रात्र, पूर्ण. पहिली अजून नाही.

मैफल म्हणून नाही आवडली, खोटं कशाला बोलू. माझ्या कानाला शेवटपर्यंत सम लागते आणि ती आली नाही की पोट भरत नाही. पण साथीदार म्हणून ऐकलं तेव्हा थक्क झालो. हे तिघे सतत एकमेकांची साथच करताहेत, मुख्य कलाकार कोणीच नाही! एक जरा पुढे आला की दोघे त्याच्या पोटात शिरतात आणि तो मागे सरला की जागा तशीच मोकळी राहते, लगेच कुणी बळकावत नाही. हे आमच्यातल्या भल्याभल्यांना जमत नाही.

एक शंका. मध्याच्या जरा पुढे एक लांब, घोगरा, खर्जातला सूर येतो, बराच वेळ राहतो आणि शेवटाकडे थरथरतो. माणसाचा श्वास वाटतो. तो सॅक्सच ना?

खर्जातला

मलाही आधी सॅक्सच वाटला होता. मग स्पीकर बदलून ऐकलं तेव्हा गिटार वाटली.

सर्किट_बोर्ड

श्वासासारखा थरथरतो म्हणजे सॅक्स असण्याची शक्यता जास्त. पण काल्हूनने तो पाच मिनिटांपूर्वी पकडून ठेवलेला असला तर क्रीगर तेव्हा पाणीही पीत असेल.

पेटीवाला

म्हणजे मी ज्याला दाद दिली तो वाजवतच नव्हता?